आमची वाटचाल: दोन किलोमीटर पाइप आणि चार बोअर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पत्र्याच्या गाळ्यात एसीच्या कामाला सुरुवात केली तेव्हा भांडवल काय, तर गॅसचा दाब मोजायचा एक मॅनिफोल्ड गेज, तांब्याच्या नळीचं तोंड पसरवायचा फ्लेअरिंगचा सेट आणि मेहुण्याची स्कूटर. एसीत आर-22 गॅस भरायचे ते दिवस होते. ते गेज आजही वापरतो. निळी सुई जरा अडखळते, पण कुणाला हात लावू देत नाही. पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली.

लिहायचंय ते बंगल्याबद्दल. पनवेलच्या पुढे एका शेठनी नवं घर काढलं. मुलगा स्वीडनला. तिथं बऱ्याच घरांत जमिनीतली उष्णता ओढून घर गरम करणारा हीट पंप चालतो, आपल्याकडेही तोच, उलटा चालवून एसीसाठी हवा, असा हट्ट. पहिल्याच भेटीत म्हणालो, "शेठ, तिकडे बाहेर उणे पंधरा असताना खाली सात-आठ अंश मिळतात, म्हणून परवडतं. आपल्या जमिनीत बारमाही 27-28, आणि मे महिन्याच्या दुपारी वर 34-35. एवढ्याशा फरकासाठी काळा पाषाण फोडायचा?" शिवाय तिकडे हिवाळ्यात उष्णता काढली की उन्हाळ्यात जमीन पुन्हा भरते. इथं एसीची उष्णता वर्षभर खाली कोंबायची, बाहेर काढायची वेळच येत नाही.

शेठ हटेनात. मग म्हटलं, करायचंच तर नीट करू. दहा टन एसी म्हणजे 35 किलोवॅट, कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता धरून 44च्या आसपास. बोअरचा दर मीटर 45 वॅट उष्णता जमिनीला देतो असं धरलं, तेही या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, हात सैल सोडून, तरी जवळजवळ हजार मीटर होतात. शंभर मीटरचे दहा बोअर, दोन बोअरांत सहा मीटर अंतर, प्रत्येकात खाली जाऊन वर येणारा यू-बेंड पाइप, आणि पाइपभोवतीची फट बेंटोनाइट मातीने खालून वर भरत यायची. शेठ म्हणाले, "लागा कामाला." कागद झाला नाही. मी पतपेढीचं कर्ज काढून दोन किलोमीटर एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप आणि सॉकेट फ्यूजनची मशीन उचलली. काय मशीन होती! हीटर 260 अंशांवर आला की पाइप आणि फिटिंग आत धरायचं, सेकंद मोजायचे, एका दमात जोडायचं. कडेला सारखी गोल वळी आली तर सांधा पक्का. वळी वाकडी, तर कापून फेका. जमिनीखाली गेलेला सांधा परत दिसत नाही.

पंधरा दिवसांत ऑर्डर दुसऱ्याला गेली. कुणाला, तर आमच्याच गाळ्यात तीन वर्षं हेल्परी केलेल्याला. फ्लेअर मारायला त्याला मी शिकवलं. तो म्हणाला, "चार बोअरमध्ये बसवतो." शेठना चार आवडले.

पाइपची वेटोळी दीड वर्ष गाळ्यात पडून होती. टेम्पो विकला, दोन पोरं सोडून गेली. नौपाड्याच्या डॉक्टरीणबाई नसत्या तर शटरच ओढलं असतं. त्यांच्या प्रसूतिगृहाच्या गच्चीवर आम्ही हवेवर चालणारा हीट पंप बसवलेला. 300 लिटर पाणी 27 वरून 55 अंशांवर न्यायला गीझर दहा युनिटं खायचा, हा तीन खातो. बाईंनी दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले. म्हणाल्या, "पावती नंतर द्या, आधी बँकेचं बघा." नवं घर बांधणाऱ्यांना सांगतो, ठाण्या-पनवेलला गरम पाण्यापुरता हाच पंप घ्या, आणि एसीचे पैसे वाचवायचे तर आधी पश्चिमेची भिंत आणि स्लॅब तापू देऊ नका. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर टाकी-कॉइल दर वर्षी उघडून बघा.

पाइप शेवटी मुरबाडच्या एका शेतकऱ्याला निम्म्या भावात गेला.

तिसऱ्या मे महिन्यात शेठचा फोन आला. एसी हाय प्रेशरवर ट्रिप होतोय, म्हणजे गॅसचा दाब वाढून आपोआप बंद पडतोय. जाऊन पाहिलं तर बोअरांतल्या पाइपच्या लूपमधून परत येणारं पाणी 43 अंश. बोअर दोन-दोन मीटरवर, आणि बेंटोनाइटच्या जागी बोअरचीच भुकटी ओतलेली. जमिनीला उष्णता पसरवायला जागाच नव्हती. लूपला एक छोटा, हवेवर पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर जोडून दिला, तेव्हापासून ट्रिप नाही.

त्या टॉवरचं बिल मात्र शेठनी अजून दिलेलं नाही.