उसना हेल

आजी टीव्हीतल्या माणसांसारखे इंग्रजी बोलते, असे धाकटी नात रविवारी फोनवर म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा अजिबात नव्हता. पलीकडे सगळे हसले, मीही हसले, मग तिकडच्या थंडीचा विषय निघाला आणि फोन संपला. आज बुधवार उजाडला, तरी ते वाक्य मनातून हलायला तयार नाही.

शाळेत आम्ही इंग्रजी पाठ केले, ऐकले मात्र कधीच नाही. पुढे नोकरीत अर्ज आणि पत्रे बिनचूक लिहिली, पण समोरचा माणूस इंग्रजीत बोलू लागला की माझी ततपप होई. निवृत्तीनंतर ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन विनोदी मालिका लावली ती केवळ धाकटीशी बोलता यावे म्हणून. आधी खालची इंग्रजी ओळ वाचत, तेच तेच वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकत, आणि पुढे ती ओळ बंद करून पाहिली. बीटीएस या कोरियन गायकांच्या चमूचा म्होरक्या आरएम हाही असाच शिकला, हे मला थोरलीने सांगितले. त्याच्या आईने याच मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या होत्या, असे त्याने २०१७ साली अमेरिकेतल्या एका कार्यक्रमात सांगितले होते. त्याचे जगभर कौतुक झाले आणि माझे घरच्या घरी हसे झाले.

खरे म्हणजे मला नेमके काय लागले, हे काल रात्री एक भाग केवळ हशांकडे लक्ष देऊन पाहिला तेव्हा कळले. ही मालिका बहुतांशी प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे. त्यामुळे पात्र वाक्य टाकते, हशा ओसरेपर्यंत थांबते, आणि मगच दुसरे पात्र तोंड उघडते. तो थांबा मीही उचलला आहे. वाक्य पुरे केले की मी थांबते, पलीकडे कोणी हसत नाही, आणि आवाज गेला असे समजून चिरंजीव विचारतात, “आई, ऐकू येतंय ना?” त्यांच्या घरात तिघेही एकाच वेळी बोलतात, वाक्ये अर्धी सोडतात, एकमेकांची तोडतात. मालिकेत कोणी कोणाचे वाक्य तोडलेले मला फारसे आठवत नाही, म्हणून मी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसते आणि ती येत नाही. उच्चारांवरून हसले असते तर एवढे वाटले नसते.

गाण्यांनी मात्र माझे भलेच केले. कॅरन कार्पेंटर या अमेरिकन गायिकेचे उच्चार इतके स्वच्छ की मलासुद्धा शब्द वेगळे काढता आले. आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत जोर पडतो ती अक्षरे तेवढी उभी राहतात आणि मधली बारीकसारीक चेपली जातात. हे व्याकरणाच्या पुस्तकाने मला कधी पटवले नव्हते. ठेक्याबरोबर गाताना शब्द मागे पडू लागले, तेव्हा जीभ आपोआप त्यांना चेपू लागली. अर्थात गाण्यात स्वर लांबवतात, तशी मीही बोलताना लांबवत असेन. ते असो.

पण मग माझे गुजराती कोणाचे आहे? ते इथल्या, बडोद्याच्या खंडेराव मार्केटातल्या भाजीवाल्यांकडून आणि शेजारच्या बेनकडून आले, भाव करताना लागते त्या चढ्या सुरासकट, आणि ते उसने आहे असे आजवर कोणी म्हटले नाही. पुण्याचे पाहुणे तर माझ्या मराठीलाच गुजराती हेल आहे असे सांगून जातात. बडोद्यात राहून या गोष्टीचे वाईट वाटून घेणे तसे हास्यास्पदच आहे. १८७५ मध्ये कवळाण्याहून आणलेल्या बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. पुढे इलियटसाहेबांच्या हाताखाली तो शिकला आणि सयाजीराव महाराज म्हणून इंग्रजांशी इंग्रजीत बोलला. त्या बोलण्यात इलियटसाहेबांची काहीच लकब उतरली नसेल काय? महाराजांना ती कोणी बोलून दाखवली नसेल, एवढाच काय तो फरक. आणि धाकटी जे मोडकेतोडके मराठी बोलते ते सारे माझ्याकडून फोनवर उचललेले, हेलासकट. तिला अजून कोणी पुण्याला नेलेले नाही.

सूनबाईंनी आता ‘डाउनटन ॲबी’ पाहायला सुचवले आहे. सहा पर्वे आहेत आणि हशा कुठेच नाही, त्यामुळे थांबायची सवय जाईल असा त्यांचा होरा आहे. पहिला भाग पाहिला. त्यात मॅगी स्मिथने रंगवलेली एक वृद्ध सरदारीण आहे. ती कोणासाठीही थांबत नाही, समोरच्याचे वाक्य संपायच्या आत त्याला गप्प करते, आणि सुनेशी तर फारच सुरेख बोलते. माझ्या वयाला ती लकब शोभेल असे वाटते. सूनबाईंनी स्वतःच सुचवले आहे, तेव्हा त्यांची तक्रार असायचे कारण नाही.