आमची वाटचाल : बांधावरच्या लिंबापासून

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी येत होतं आणि आमच्या रेणापूर तालुक्यातल्या शेतात हिरवं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. बांधावरच्या जुन्या कडुलिंबावर मात्र अंगठ्याएवढ्या जाड गुळवेली लोंबत होत्या. पानं झडलेली, पण नखाने साल खरवडली की आत हिरवीगार. सासूबाई म्हणाल्या, "हिला अमृता उगं म्हणत नाहीत. तोडून टांगली तरी मुळ्या सोडती." पोथ्यांत तिला छिन्नरुहा म्हटलंय ते याचसाठी. आमचा उद्योग त्या लिंबाखाली सुरू झाला.

पहिला माल आम्ही घाईने पोत्यात भरला. वरून कोरडा, आतून ओला. बुरशी लागली, व्यापाऱ्याने परत पाठवला आणि भाडंही आमच्याच माथी बसलं. बचत गटातल्या चौघींची महिनाभराची मेहनत उकिरड्यावर टाकताना जे वाटलं ते आजही विसरत नाही. आता पेरभर तुकडे उभे चिरून शेडच्या सावलीत जाळीवर पसरतो. तुकडा मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. वाकला तर पुन्हा जाळीवर.

सत्त्वाचं काम त्याहून नाजूक. ताजं खोड ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायचं, सकाळी हाताने चोळून फडक्यातून गाळायचं, पाणी न हलवता निवळू द्यायचं. तळाशी पांढरा साका बसतो. पाटीभर खोडातून जेमतेम मूठभर. गिऱ्हाईक विचारतं, "हे कडू कसं नाही?" कारण सत्त्व हे मुख्यतः पिष्ट, कडू द्रव्यं बरीचशी वरच्या पाण्यात जातात. म्हणून काढ्यासाठी आम्ही भरडच देतो आणि तसं स्पष्ट सांगतो.

एकदा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आमच्या भरडीची अँटीऑक्सिडंट चाचणी पाहिली. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण, त्यात गुळवेलीचा अर्क पडला आणि बघता बघता रंग उतरून फिकट पिवळा झाला. रंग उतरला म्हणजे अर्कात अँटीऑक्सिडंट गुण आहे. अंगावर काटा आला. पण तिथल्या सरांनी लगेच सांगितलं, नळीत जे घडलं ते शरीरात तसंच घडेल असं समजू नका. तेव्हापासून पाकिटावर 'रोग बरा होतो' असं एक अक्षरही छापलेलं नाही.

करोनाच्या काळात मागणी एवढी वाढली की कुणीही कुठलीही वेल गुळवेल म्हणून विकायला लागलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या काही रुग्णांच्या यकृताला गुळवेलीने इजा झाल्याचं प्रसिद्ध झालं. दिसायला जवळची अशी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेगळी जात आहे, तिच्याशी गल्लत होऊ शकते, असं आयुष मंत्रालयाने म्हटलं. तिच्या खोडावर मसांसारखे दाट फोड असतात. आम्ही त्या बातम्या झटकून टाकल्या नाहीत. बाहेरून वेल घेणं बंद केलं. ज्या लिंबावरची वेल, त्याची नोंद वहीत.

मधुमेहाची औषधं चालू आहेत, यकृताचा त्रास आहे, संधिवातासारखा स्वप्रतिकार (स्वतःची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा) आजार आहे किंवा बाळंतपण जवळ आलंय, अशांना फोनवरच सांगतो, आधी डॉक्टरांना विचारा. त्यातले बरेच जण परत फोन करत नाहीत. चालतं.

तोड आम्ही उन्हाळ्यातच करतो आणि जमिनीलगतचा हातभर बुडखा तसाच ठेवतो. मृगाचा पाऊस पडला की चौघी मिळून वीतभर कांड्या नव्या लिंबांच्या बुडाशी रोवतात. यंदा ओढ्याकडच्या बांधावरची सगळी झाडं झाली. आता गायरानाच्या कडेची राहिलीत.