आबांची नागीण, ती पुडी आणि विजया

दोन वर्षांपूर्वी आबांना नागीण झाली, उजव्या बगलेखालून थेट छातीपर्यंत फोडांचा पट्टाच उठला. आमचं गाव चोपडा तालुक्यात, घरी केळी. नागीण म्हटलं की गेरू लावायचा, कोणाकडून तरी उतरवून घ्यायची, हेच सगळ्यांना माहीत, आम्हीही तेच केलं आणि त्यात आठवडा गेला. व्हायरसवरच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो हे मला नंतर कळलं आणि ते अजून मनाला लागून आहे. म्हणून सांगते, फोड दिसले की त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

फोड वाळले पण दुखणं राहिलं. लहानपणीच्या कांजिण्यांचाच व्हायरस नसेत दबा धरून बसलेला असतो, म्हातारपणी उठतो आणि नस खराब करून जातो. सदऱ्याचं कापड घासलं तरी आग होते, पंख्याचा वारासुद्धा नको. "भू दुखस व माय" एवढंच म्हणायचे आबा आणि उघड्या अंगाने ओसरीवर रात्र काढायचे. नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्या, प्रीगाबालिन आणि रात्रीची अमिट्रिप्टिलीन, चालू होत्या, थोडा फरक पडायचा, पण चक्कर यायची.

मग ओळखीतल्या एकाने पुडी आणून दिली. गांजाची. आबांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही हो, पण दुखणं माणसाला काय काय करायला लावतं. मळ्यातल्या खोलीत ओढली आणि रात्रभर खाट धरून बसले, छाती धडधडतेय, कोणीतरी दारात उभं आहे असं वाटतंय, पहाटे उठताना पडले. त्यात किती काय होतं कोणालाच माहीत नाही, वर झोप आणणाऱ्या गोळ्या पोटात. आणि हे डॉक्टरला सांगायचं नाही असं घरात ठरलं, कारण शिरपूरकडे सातपुड्यात पोलिसांनी गांजाची शेती उपटल्याच्या बातम्या आम्ही पेपरात वाचतोच. शेवटी मी सांगितलं तर एका डॉक्टरने असं झापलं की आबा पुन्हा तिथे यायलाच तयार नव्हते.

मग मी वाचायला बसले. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात ते गांजा, म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आयुर्वेदात याच झाडाला विजया म्हणतात आणि तिची लायसनवाली औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. आपल्या शरीरातच या झाडातल्या द्रव्यांना ओळखणारे रिसेप्टर असतात, आणि शरीर स्वतः तयार करतं त्या तशाच एका पदार्थाला १९९२ साली शास्त्रज्ञांनी आनंदामाइड नाव दिलं, आपल्या आनंद शब्दावरून! हे वाचून मला फार आशा वाटली होती.

पण नसेच्या दुखण्यावर या झाडाची औषधं किती चालतात यावरचा २०१८ चा कॉक्रेन रिव्ह्यू, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष, वाचला आणि जमिनीवर आले. १६ अभ्यास, १७५० पेशंट. दुखणं निम्म्यावर आलं असे लोक औषध घेणाऱ्यांत १०० मागे २१, आणि नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांत १७. म्हणजे शंभरात चार जणांचा फरक, तोही पुरावा कच्चाच, आणि गुंगी, चक्कर, गोंधळ हे त्रास जास्त. इंटरनेटवर 'सगळं दुखणं गायब' म्हणून या झाडाचं तेल विकणारे यातलं काहीच सांगत नाहीत, याचा मला खरंच राग येतो, कारण घेणारा माणूस आधीच रात्र रात्र जागलेला असतो.

तरी आम्ही जळगावला एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी आधी सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी मागितली, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, कारण काही औषधांशी हे जुळत नाही, आणि आमच्या दुसऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. विजयाच्या दोन थेंबांपासून सुरुवात, फक्त रात्री, आणि रात्री एकट्याने उठायचं नाही. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटली, की दोन्ही डॉक्टरांना सगळं माहीत आहे आणि आबांना काही लपवावं लागत नाही.

पाच महिने झाले. दहापैकी आठ दुखायचं ते आबा आता सहा सांगतात, विजयामुळे का आपोआप कमी होतंय ते मी छातीठोक सांगू शकत नाही. झोप मात्र चार तास सलग लागते. पोळ्याला त्यांनी नवा सदरा घातला, बैलांना स्वतः ओवाळलं, दुपारी जेवण होईपर्यंत अंगावर ठेवला आणि मग काढून खुंटीला टांगला.