तीन वर्षं राहतो म्हणाला होता

चीनच्या शिनजियांगमधल्या तुर्फानजवळ दोन ओसाड जुनी शहरं आहेत, जियाओहे आणि गाओचांग. तुर्फानला जो भेटेल तो सांगतो, जियाओहे बघा, गाओचांगमध्ये काही उरलेलं नाही. म्हणून जियाओहे एका सकाळीत उरकलं आणि दुपार गाओचांगला दिली.

तुर्फानपासून गाओचांग 40 किलोमीटर. ऊईगूर ड्रायव्हर फोनवरच्या भाषांतरातून बोलत होता. पण बाजार, दोस्त, नान, आसमान हे शब्द दोघांकडेही निघाले, त्यावर बरंच भागलं. डावीकडे ज्वाळांचे डोंगर, तांबडे आणि सुरकुतलेले. ऊन टाळायचं म्हणून चार वाजता पोचायचा शहाणपणा मी केला होता. घड्याळ बीजिंगचं, सूर्य मात्र इथला. त्याच्या हिशेबाने तेव्हा जेमतेम दोन वाजले होते. टोपी हॉटेलवर राहिली होती, ते वेगळंच.

मातीचा तट म्हटलं की आपल्याला गढी आठवते. इथे त्याच मातीने अख्खं शहर वेढलंय. तटाचा घेर 5 किलोमीटरच्या वर, पायथ्याशी रुंदी 12 मीटरच्या आसपास. जवळ जाऊन पाहिलं की कुटलेल्या मातीचे थर मोजता येतात, एकेक वीतभराहूनही कमी. बाहेरचं शहर, आतलं शहर, राजवाड्याचा भाग अशी मांडणी होती म्हणतात. मला दिसली ती झिजलेल्या दाढांसारखी ढेकळं. इ. स. पूर्व पहिल्या शतकातली चीनच्या हान घराण्याच्या सैन्याची ही छावणी पुढे राज्याची राजधानी झाली, मग चीनच्याच थांग घराण्याकडे गेली, मग ऊईगुरांकडे, आणि चौदाव्या शतकात लढायांत ओसाड पडली.

पण शहर पुरतं संपवलं ते नांगराने. इथली जुनी माती खत म्हणून चांगली, म्हणून शेतकरी भिंती खणून नेत. आपल्याकडे ओसाड गावाच्या पांढरीची माती शेतात नेऊन टाकतात, अगदी तसंच. जर्मन संशोधक ल कॉक 1904 साली इथे आला, तेव्हा एका शेतकऱ्याने त्याला सांगितलं, काही वर्षांपूर्वी पाच गाड्या भरतील एवढ्या पोथ्या सापडल्या होत्या, अपशकुन नको म्हणून नदीत टाकल्या. मानी या इराणी प्रेषिताच्या पंथाच्या पोथ्या! ल कॉकने स्वतः भित्तिचित्रं कापून बर्लिनला नेली, त्यामुळे त्या शेतकऱ्यावर एकट्यावर रागवायलाही जमेना.

मी आलो होतो ते ह्यूएनत्संगसाठी, शाळेच्या पुस्तकातला तोच. 630च्या सुमारास तो भारताकडे निघालेला असताना इथल्या राजाने, छ्यू वनतायने, त्याला बोलावून घेतलं आणि मग सोडेचना. इथेच राहा, राजगुरू व्हा. ह्यूएनत्संगने अन्नपाणी सोडलं, तेव्हा कुठे राजा नरमला. ठरलं असं की महिनाभर प्रवचन द्यायचं आणि परतताना तीन वर्षं इथे राहायचं. मग राजाने हात सैल सोडला: सोनं, 30,000 चांदीची नाणी, 500 ठाण रेशीम, 30 घोडे, वाटेतल्या राजांना 24 पत्रं. वाऱ्यापासून तोंड झाकायला फडकी आणि हातमोजेसुद्धा. हातमोज्यांपाशी मला राजा आवडला.

नैर्ऋत्येला मोठ्या विहाराचे अवशेष आहेत. तिथे एक गोल वास्तू आहे, दुरुस्त केलेली. प्रवचन झालं ते इथेच, असं दाखवतात. मी सावलीत टेकलो. समोर मनोऱ्यासारखा उंच मातीचा चौथरा, त्यात रिकामे कोनाडे. बुद्ध एकही नाही.

ह्यूएनत्संग महाराष्ट्रात पोचला तो 641च्या आसपास. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आपल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं की हे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. गंमत म्हणजे, ज्याच्या घोड्यांवर आणि पत्रांवर तो प्रवासाला लागला होता, तो राजा तोवर मेलेला होता. 640 साली थांग फौज चालून आली आणि ती पोचायच्या आधीच त्याने प्राण सोडला. हे ह्यूएनत्संगला तेव्हा बहुधा माहीतही नसेल. परतताना तो खोतानवरून जाणाऱ्या दक्षिणेकडच्या वाटेने गेला. ज्याला तीन वर्षांचा शब्द दिला होता, तो आता उरलाच नव्हता.

अवशेषांत फिरवणारी शेवटची विजेवर चालणारी गाडी निघायची वेळ झाली, तिच्या चालकाने दोनदा भोंगा वाजवला. बाहेर आपला ड्रायव्हर द्राक्षं घेऊन उभा. माझा भाजलेला चेहरा पाहून त्याने फोन पुढे धरला. पडद्यावर एवढंच होतं: 'टोपी कुठे?'