नवेगाव बांध: पारीवरची एक दुपार

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला तीन दिवस होतो. सफारीत वाघ दिसला नाही, त्याचं काही वाटलं नाही. रात्री शेजारच्या खोलीतल्या मंडळींनी बारापर्यंत स्पीकर लावला होता, त्याचा मात्र अजून राग येतो. एवढं मोठं पाणी समोर असताना त्याचा आवाज ऐकावासा वाटू नये?

नागपूरहून साकोलीमार्गे निघालो. कोहमाऱ्याला हायवे सोडला आणि दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या लागल्या. डिसेंबर होता, कापणी आटोपली होती. सोबत बाबा होते. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, धरण दिसलं की गाडी थांबवायला लावणारा.

पहिल्या संध्याकाळी तलावाकडे बघत मी म्हणालो, "किती सुंदर नैसर्गिक सरोवर आहे." शेजारी उभा असलेला गावातला पोरगा लगेच म्हणाला, "नैसर्गिक कायचं जी? बांध हाय तो. गावाच्या नावातच हाय."

खरंच होतं. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं हे पाणी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी अडवलं. भोवतीच्या सात टेकड्यांना इथे सातबहिणी म्हणतात. त्यातल्याच एका टेकडीवर कोलू पाटलांचं ठाणं आहे, आणि तिथे ते पाटील नाहीत, कोलासूर देव आहेत. पाणी अडवणाऱ्या माणसाला लोकांनी देव केलं. मला हे कुठल्याही मोठ्या देवळापेक्षा जास्त पटलं.

दुसऱ्या दुपारी बाबांच्या हट्टाने जवळच्या एका खेड्यातला लहान मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला तलाव, बघायला गेलो. जुन्या भंडारा जिल्ह्यात असे तलाव गावोगाव आहेत, बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक आजोबा बसले होते. गावासाठी पाणी सोडायचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं. बाबांनी तुडूम कुठे आहे विचारलं, तसे ते उठले आणि चपला काढून खाली उतरले. मागोमाग बाबाही चपला काढून उतरले.

तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत जातात, पायरीपायरीला एक भोक, भोकात लाकडी बूच. पाण्याबाहेरचं एक बूच आजोबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. लाकूड काळंभोर झालेलं, कडा गुळगुळीत. "आधी वरचं काढाचं. पानी उतरलं का मंग त्याच्या खालचं." तलाव भरलेला असताना एकदम तळाचं तोंड उघडलं तर पाण्याचा जोर आवरत नाही. वरून एकेक थर सोडत गेलं की पाट फुटत नाही. बाबा बराच वेळ त्या पायरीवर हात ठेवून बसले होते. मग एवढंच म्हणाले, "आम्हाला हे कुणी शिकवलं नाही रे."

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. गाळ काढणं, पार राखणं ही गावाची सवय होती. ती हळूहळू सुटली. काठाने बेशरम नावाचं तण माजलं. मासे कमी झाले आणि त्यावर जगणाऱ्या ढिवर समाजाचे हाल झाले. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायांनी बेशरम उपटून, उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरून पाणवनस्पती लावल्या, म्हणजे माशांना अंडी घालायला आसरा मिळावा.

पारीवरच भेटलेली एक मावशी त्यांतलीच. "बायाइनं नांगर धरला त लोकं पाहाले आले होते," असं सांगताना तिचा चेहरा खुलला होता. टोपलीतले मासे तिने आम्हाला एकेक करून दाखवले: मरळ, शिंगूर, आणि खाली चांदीच्या चुऱ्यासारखी बारीक मासोळी. मग जेवल्याशिवाय सोडेचना. जाडसर तांदळाचा भात, वर लालभडक रस्सा. मी पैसे काढले तर हात धरून परत खिशात घालायला लावले.

बाबा एरवी काट्याच्या माशाला हात लावत नाहीत. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला, आणि ताट पुढे करत, आजोबांनी सांगितलेलं आठवून, मावशीला विचारलं: आत्ता कितव्या पायरीचं बूच काढलंय?