भूगोलाचा तास आणि ३० सप्टेंबर

आमच्या बॅचला शाळेत नाव काय तर 'भूकंपवाली बॅच'. खेळात नाव नाही, गॅदरिंगमध्ये नाही, बोर्डाच्या यादीत तर अजिबातच नाही. १९९३ ला आम्ही लातूरला आठवीत होतो आणि सहामाही तोंडावर आलेली. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर सगळे मागे लागले तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

आधी भूगोलाच्या सरांबद्दल सांगायला पाहिजे. पुस्तकात न बघता ते फळ्यावर भारताचा नकाशा काढायचे आणि तोही एका दमात. त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी दख्खनचं पठार शिकवलं, लाव्हाचे थर, काळा बेसॉल्ट वगैरे, आणि सांगितलं की हा देशातला सगळ्यात स्थिर भाग, भूकंप होतात ते हिमालयात, आसामात, कच्छात. मागून कुणीतरी कोयनेचं विचारलं, कारण डिसेंबर १९६७ च्या त्या पहाटेच्या गोष्टी घरोघरी मोठी माणसं सांगायची. सर म्हणाले, तिथं धरणाच्या पाण्याचा संबंध लावतात, आपल्याकडं तसलं काही नाही. आता यात सरांना हसण्यासारखं काही नाही बरं का, सरकारी नकाशातच आपला भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा.

तेव्हा वसतिगृहातला एक पोरगा उठला, औसा तालुक्यातला, माझ्याच बाकावर बसायचा. "सर, आमच्याकडं जमीन गुरगुरतीय." अख्खा वर्ग हसला, मी पण. पण तो खरं सांगत होता. ९२ साली किल्लारीच्या आसपास बारीक बारीक धक्के बसत होते, ऑक्टोबरात तर चांगलाच जोराचा बसला, लोकं घाबरून बाहेर झोपायला लागली, मग थंडी आली, पुढं पाऊस आला, शेवटी माणूस किती दिवस बाहेर झोपणार, गेली परत आत.

२९ सप्टेंबरला गणपती विसर्जन. रात्री उशिरापर्यंत लेझीम, ढोल, आम्ही पण मेलेल्यासारखे झोपलो होतो. पहाटे ३:५६ ला आधी आवाज आला, मग खालून कुणीतरी खाट उचलून आपटतंय असं झालं, फळीवरची भांडी सगळी खाली. बाबा ओरडले, "ऑइल मिलचा बॉयलर उडाला!" समोरच्या काकांना वाटलं माळवदावर चोर आहेत, ते काठी घेऊन बाहेर आलेले. सगळी गल्ली रस्त्यावर, आणि बराच वेळ 'भूकंप' हा शब्दच कुणाच्या तोंडात नाही. ज्यांनी आयुष्यात कधी अनुभवला नाही त्यांना सुचणार कुठून? शेवटी कोयनेकडं नोकरी केलेल्या एका आजोबांनी सांगितलं की हा भूकंप आहे आणि कुणीही आत जाऊ नका.

लातूर शहरात भिंतींना भेगा गेल्या, कुठं कुठं पडझड झाली, पण आम्ही वाचलो. उजाडल्यावर औशाच्या रस्त्यानं जीप, टेम्पो, ट्रॅक्टर येऊ लागले, सगळे सिव्हिल हॉस्पिटलकडं, तेव्हा कळायला लागलं. त्यात पाऊस सुरू झाला आणि ढिगारे उपसणं अजून अवघड. मिलिटरी आली. आणि एक गोष्ट लिहावीशी वाटत नाही पण लिहितो, मदतीला जाणाऱ्यांपेक्षा नुसती बघ्यांची गर्दी इतकी की किल्लारीचा रस्ता जाम झाला होता. पीटीच्या सरांनी दहावीच्या पोरांना भाकरी गोळा करायला लावलं, आम्हाला आलेल्या कपड्यांचे ढीग वेगळे करायला बसवलं. लोकांनी काय काय पाठवलं होतं, लग्नातले जरीचे ब्लाऊज, टाय!

जवळजवळ दहा हजार माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं पुन्हा वसवायची वेळ आली.

शाळा सुरू झाली तरी वर्गात बसायची कुणाची हिंमत नव्हती, धक्के चालूच होते, मग कडुनिंबाखाली वर्ग भरायचा. दिवाळीनंतर तो बाकावरचा दोस्त परत आला. विसर्जनाला गावी गेला होता, रात्री चुलत्याबरोबर शेतात राखणीला थांबला म्हणून वाचला. घरातलं कोण राहिलं हे आम्ही कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. भूगोलाच्या तासाला त्यानं सरांना एवढंच विचारलं, "सर, वाड्यातली माणसं मेली आन् कुडाच्या झोपडीतली वाचली, असं कसं?"

सरांनी पुस्तक मिटलं. शिपाई मामांना दगड आणि चिखल आणायला सांगितला आणि तिथंच एका फळीवर मातीत दोन पदरी भिंत रचली, आपल्याकडच्या वाड्यांची असते तशी, बाहेरून एक दगडांचा पदर, आतून एक, मधे माती आणि चुरा. मग नुसती ती फळी हलवली. दोन्ही पदर दोन बाजूंना फुगले आणि कोसळले. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगडच नव्हता. वर माळवदाची फूट-दीड फूट माती, दरवर्षी गळतं म्हणून अजून थोडी टाकलेली. गावात ज्याची भिंत जाड तो श्रीमंत, आणि त्या रात्री तीच जाड भिंत अंगावर आली. सर म्हणाले, "मी तुम्हाला जमीन शिकवली, घर शिकवलंच नाही."

पुढं शास्त्रज्ञांनी किल्लारीला बोअर घेतलं, साधारण ३४० मीटरवर बेसॉल्ट संपून खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. भारताची प्लेट उत्तरेला रेटत राहते, तो ताण असल्या जुन्या खडकातल्या कमजोर भेगांत साठतो, म्हणून 'स्थिर' भागातही क्वचित असा भूकंप होतो. नंतर झोन एक नकाशातून काढूनच टाकला, किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. भूकंपामुळं केला असं बायको पाहुण्यांना सांगते, खरं कारण मार्क कमी पडले. पण त्या कामानिमित्त नव्या गावांत बरंच फिरणं झालं. जमीन किती त्यावर २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांचं घर मिळालं, सरळ रेषेत रस्ते, मोठी अंतरं, म्हाताऱ्या बायका म्हणायच्या शेजारणीकडं जायला एसटी पाहिजे. घरं मात्र पक्की, भिंतीतून आडवा आरसीसीचा पट्टा फिरवलेला. आता नातवंडं त्याच घराला चिकटून खोल्या वाढवतायत, पट्टा नाही, कॉलम नाही, वर पाण्याची टाकी. सांगितलं तर म्हणतात, साहेब, आता कुठं होतोय भूकंप.

जाता जाता महोत्सव समितीला एक विनंती. विहिरीकडच्या दोन जुन्या दगडी खोल्या, जिथं हल्ली खेळाचं सामान ठेवतात आणि पोरं पावसात आडोशाला उभी राहतात, त्यांची भिंत बाहेरच्या बाजूला फुगलीय, परवा येऊन ओळंबा लावून बघितला. रंग द्यायच्या आधी तेवढं काम काढा. एस्टिमेट मी करून देतो, फुकट, फक्त दगड-सिमेंटचं बघा.