सिंगापूरची सकाळ जोहोरमध्ये पहाटे चारला उजाडते

सिंगापूर म्हटलं की आपल्याकडे चांगी विमानतळ, उंच इमारती आणि स्वच्छ रस्ते एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण हे शहर रोज चालतं कुणाच्या जिवावर, हे बघायचं तर उत्तर टोकाला वूडलँड्सला यावं. समोर मलेशियाच्या जोहोर राज्यातलं जोहोर बारू शहर, मधे चिंचोळी सामुद्रधुनी आणि तिच्यावर १९२४ साली खुला झालेला, जेमतेम किलोमीटरभराचा कॉजवे, म्हणजे पाण्यात भराव घालून बांधलेला रस्ता. रोज तीन लाखांहून जास्त माणसं इथून ये-जा करतात.

दिवस उजाडायच्या आधीच मोटारसायकलींचा लोंढा सुरू होतो. वारा छातीला लागू नये म्हणून जॅकेट उलटं चढवलेलं, चेन पाठीकडे. पासपोर्ट हाताशी. वेल्डर, नर्स, हॉटेलातले कूक, कारखान्यातले सुपरवायझर असे सगळे त्यात असतात. माझी एक सहकारी बसने येते. ती चारला उठते. इकडेच खोली का घेत नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "इथल्या एका खोलीच्या भाड्यात तिकडे माझं अख्खं घर चालतं."

या सगळ्याच्या मुळाशी चलनातला फरक आहे. १९६५ साली सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं, तरी १९७३ पर्यंत दोन्हींकडचा डॉलर एकास एक चालायचा. आज एका सिंगापूर डॉलरला मलेशियाचे तीनाहून जास्त रिंगिट मिळतात. त्यामुळे माणसं कामाला इकडे येतात आणि शनिवार-रविवारी इकडच्या गाड्या खरेदीला, दाताच्या डॉक्टरकडे, गाडी धुवायला तिकडे जातात. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना तीस दिवसांपर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपली मराठी कुटुंबंही 'जेबी'ला, म्हणजे जोहोर बारूला, सर्रास जाऊ लागली आहेत. मात्र सिंगापूरची गाडी बाहेर न्यायची तर टाकी किमान पाऊण भरलेली हवी, नाहीतर दंड. पलीकडचं पेट्रोल स्वस्त आहे, म्हणून हा नियम.

पाण्याचं नातं तर त्याहून खोल. १९६२ च्या करारानुसार सिंगापूर जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत कच्चं पाणी उचलू शकतं. दर हजार गॅलनला तीन सेन, म्हणजे रिंगिटचे तीन शतांश. शुद्ध केलेल्या पाण्यातलं काही जोहोर परत विकत घेतं, हजार गॅलनला पन्नास सेनने. करार २०६१ पर्यंत आहे आणि या दरावरून दोन्ही सरकारांत वर्षानुवर्षं धुसफूस चालते. पाणी मात्र थांबलेलं नाही.

माणसं थांबली होती. कोविडमुळे १८ मार्च २०२० ला मलेशियाने सीमा बंद केली आणि हजारो कामगार जिथे होते तिथेच अडकले. कित्येकांना वर्ष-दीड वर्ष घरच्यांचं तोंड दिसलं नाही. ही दोन गावं एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे तेव्हा दोन्हीकडच्यांना लख्ख दिसलं.

आता या नात्याला सरकारी चौकट मिळाली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला. ठरावीक उद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांना मलेशिया पंधरा वर्षांपर्यंत फक्त ५ टक्के कर लावणार आहे. पहिल्या पाच वर्षांत ५० प्रकल्प आणि २०,००० कुशल नोकऱ्या असं उद्दिष्ट आहे. हिशोब सरळ आहे: भांडवल, बंदर, बँका इकडे, जमीन, वीज, माणसं तिकडे. डेटा सेंटरचं हेच झालं. सिंगापूरने २०१९ पासून काही वर्षं नवी डेटा सेंटर थांबवली, आणि ती गुंतवणूक जोहोरमध्ये गेली. पण डेटा सेंटर जमीन, वीज, पाणी भरपूर घेतं आणि उभं राहिल्यावर नोकऱ्या थोड्याच देतं. असेच प्रकल्प येत राहिले, तर जोहोरच्या पदरात फारसं काही पडणार नाही, असं मला वाटतं.

जोहोरमध्ये शिकलेली नर्स सिंगापूरला जाते, तेव्हा जोहोरच्या दवाखान्याला नर्स मिळत नाही. कारखान्यांचंही तेच. त्यामुळे या क्षेत्राचं यश मी प्रकल्पांच्या संख्येवर मोजणार नाही. पलीकडे पगार वाढले आणि पहाटे चारला उठणाऱ्यांपैकी काहींना घराजवळ बरं काम मिळालं, तर ते खरं यश.

सध्या तरी मला करसवलतीपेक्षा नव्या रेल्वेची आशा जास्त आहे. जोहोर बारूतलं बुकित चागर ते सिंगापूरचं वूडलँड्स नॉर्थ हे चार किलोमीटर पाच मिनिटांत, एका दिशेला तासाला दहा हजार माणसं. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी निघतानाच एका जागी. २०२६ च्या अखेरीस ती सुरू करायचं ठरलं आहे. ही एकच गोष्ट कामगाराच्या दिवसातले तास परत देणारी आहे. काळजी एवढीच की बुकित चागरच्या आसपास घरांच्या किमती आताच चढायला लागल्या आहेत, आणि ज्यांच्यासाठी ही गाडी सर्वांत गरजेची आहे, त्यांनाच स्टेशनपासून लांब राहायला जावं लागेल.